विचारा की! : यावेळी फक्त बँकॉक

गेल्या अंकात सुट्टीबद्दल लिहिताना एक वाक्य सहज टाकलं होतं, की मे महिन्यात महाबळेश्वरच्या ट्रॅफिकमध्ये चार तास बसण्यापेक्षा पैसे साठवून थंडीत बँकॉक बघून या. झालं. पत्रं आली, व्हॉट्सॲप आले, आणि एका काकूंनी तर मला भाजी मंडईत गाठून हातात मेथीची जुडी तशीच धरून तीन प्रश्न विचारले. म्हणून यावेळी बाकीचे प्रश्न बाजूला. आधीच सांगते, मी काय टूरवाली नाही, माझी मुलगी तिथं चार वर्षं नोकरीला होती म्हणून पाच वेळा जाणं झालं एवढंच, त्यामुळं जे स्वतः बघितलंय तेच सांगणार.

प्रश्न : ताई, आम्ही मिरजेचे. मी, मिस्टर, सासू-सासरे (वय ६८ आणि ७४) आणि दोन मुलं असे डिसेंबरात पाच दिवस बँकॉकला चाललोय. टूरवाल्यानं जी यादी दिलीय त्यात सतरा ठिकाणं आहेत, त्यात एक दिवस जेम्स (म्हणजे खड्यांची) फॅक्टरी आणि लेदरचं दुकान. काय ठेवू आणि काय काढू?

उत्तर : जेम्स फॅक्टरी काढा. लेदरचं दुकान पण काढा. आता उरलेली पंधरा, त्यातली निम्मी काढा, मग बोलू.

हसू नका, आम्ही पहिल्या वेळी हेच केलं होतं. तिथं देवळाला, म्हणजे बौद्ध विहाराला, "वाट" म्हणतात, आणि एका दिवसात सहा वाट बघून आमचीच वाट लागली होती. शेवटच्या देवळात काय होतं ते आजही कुणाला आठवत नाही, फक्त बाहेरचा नारळवाला आठवतो. (हा "वाट" म्हणे संस्कृतातला, कुंपण घातलेली जागा या अर्थाचा, म्हणजे आपल्या वाड्याचा आणि सांगलीवाडीतल्या वाडीचा भाऊबंदच की.)

तुम्ही असं करा, पहिला दिवस नदीला द्या. बस नको, टॅक्सी तर नकोच, तिथला ट्रॅफिक असा आहे की पुण्याचा माणूस पण गप्प बसतो. स्कायट्रेननं सफान ताक्सिन स्टेशनला उतरायचं, जिना उतरला की खालीच साथोनचा धक्का, तिथून नारंगी झेंड्याची बोट. तिकीट माणशी १६ बाट (बाट म्हणजे तिथला रुपया), कुठंही उतरा. टुरिस्टांसाठी वेगळी निळ्या झेंड्याची बोट असते, ती महाग, आणि तिथला माणूस तुम्हाला तिकडंच ढकलायला बघतो, तर नारंगी झेंडा बघूनच चढा. बोटीत कंडक्टरबाई हातात पत्र्याची लांबट नळी खुळखुळ वाजवत येते, त्या नळीतच सुटे पैसे आणि त्यातच तिकिटं, आणि मागं एक पोरगा नुसत्या शिट्टीवर ड्रायव्हरला सांगतो की अजून जवळ घे, थांब, सोड. माझे मिस्टर एसटीतनं रिटायर झालेले, त्यांनी देवळापेक्षा त्या पोराचेच फोटो जास्त काढले.

नदीचं नाव चाओ फ्राया. आपल्या कृष्णेपेक्षा रुंद आणि कायम गढूळ, पण काठावर घाट, देवळं, होड्या, धुणी आणि मोठमोठी हॉटेलं सगळं एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसलंय. कृष्णाकाठच्या माणसाला हे शहर नदीतनं लगेच कळतं, रस्त्यावरनं बघितलं तर नुसतं काँक्रीट.

ता चांगच्या धक्क्याला उतरलात की ग्रँड पॅलेस, म्हणजे राजवाडा. सकाळी साडेआठला उघडतो, सव्वाआठला दारात पाहिजे, कारण दहानंतर बसेस ओतायला लागतात आणि मग नुसती डोकी दिसतात. तिकीट ५०० बाट, सहा जणांचं जड जातं माहितीय, पण एवढं एक तिकीट वाचवू नका. दुपारी साडेतीनला तिकीट बंद. कपड्यांचं लक्षात ठेवा, खांदे आणि गुडघे झाकलेले पाहिजेत. माझ्या सासूबाई नऊवारीत होत्या, त्यांना कुणी हू का चू केलं नाही, गार्डनं उलट हात जोडले. जावईबापूंची थ्री-फोर्थ मात्र दारातच अडकली आणि बाहेर जाऊन हत्तीची नक्षी असलेली झिपरी पँट विकत घ्यावी लागली, ती आता ते घरी रोज घालतात.

१७८२ मध्ये पहिल्या रामराजानं (तिथल्या राजांना राम म्हणतात, पुढं येतंयच) राजधानी नदीच्या पलीकडच्या थोनबुरीतनं अलीकडं आणली, तेव्हाचा हा राजवाडा. आतल्या देवळात हिरव्या बुद्धाची मूर्ती आहे. एमराल्ड बुद्धा म्हणतात पण पाचू नाही, हिरवा दगड आहे, आणि फक्त ६६ सेंटिमीटर उंच, उंच चौथऱ्यावर ठेवलेली. एवढ्या लांब येऊन एवढीशी मूर्ती असं वाटेल, पण थोडा वेळ खाली बसा (पाय मागं दुमडून, पाय मूर्तीकडं करायचे नाहीत) आणि मूर्तीचा पोशाख बघा. वर्षातनं तीन वेळा, उन्हाळा, पावसाळा, थंडी, ऋतू बदलला की तिथला राजा स्वतः येऊन मूर्तीचा सोन्याचा पोशाख बदलतो. डिसेंबरात जाताय तर तुम्हाला अंगभर थंडीचा दिसेल. माझ्या सासूबाईंना बाकी काही सांगावं लागलं नाही, "देवाला पण स्वेटर" म्हणाल्या आणि नमस्कार केला.

तिथनं चालत वाट फो. पडलेला बुद्ध, ४६ मीटर लांब, १५ मीटर उंच, देवळात मूर्ती ठेवलीय का मूर्तीवर देऊळ घातलंय तेच कळत नाही. तळपायांवर शिंपल्याच्या तुकड्यांनी १०८ शुभचिन्हं काढलीत. आणि मूर्तीच्या मागच्या बाजूला भिंतीला लागून काशाची १०८ भांडी ओळीनं ठेवलेली आहेत. २० बाट दिले की वाटीभर चिल्लर मिळते, एकेक नाणं एकेका भांड्यात टाकत चालायचं. टिण, टिण, टिण, आख्ख्या गाभाऱ्यात तोच आवाज, पुढचा माणूस, मागचा माणूस, सगळे त्याच तालात. सासूबाईंना १०८ म्हणल्यावर काय पाहिजे, नाण्यागणिक एकेक नाम घेत शेवटपर्यंत गेल्या, दोन नाणी कमी पडली तर माझ्याकडनं मागून घेतली. वाट फोचं तिकीट ३००. सासऱ्यांचे गुडघे दुखत असतील तर तिथंच आवारात थाई मसाज, तो खरा शिकवून तयार केलेल्या लोकांचा, १९५५ पासून तिथं शाळा आहे. कपडे घालूनच असतो तो, काळजी नको.

वाट अरुण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. वाट फोच्या जवळच्या ता तियेनच्या धक्क्यावरनं पलीकडं जायला ५ बाटाची होडी आहे. हरिपूरच्या संगमावर होडीत बसलेल्या माणसाला ती तीन मिनिटं घरच्यासारखी वाटतात. अरुण म्हणजे आपलाच, सूर्याचा सारथी. लांबनं पांढरं दिसतं पण जवळ गेल्यावर कळतं की सगळा मनोरा चिनी मातीच्या तुकड्यांनी मढवलाय, बशा, वाट्या, फुटकी भांडी, बशीची पाकळी आणि वाटीचा बुडखा लावून फूल केलेलं. चिनी जहाजांत वजनाला म्हणून भरून आलेली भांडी ती. लोणच्याची बरणी फुटल्यावर रडणाऱ्या बायकांनी हे बघावंच. पायऱ्या मात्र अंगावर येतात, सासू-सासऱ्यांना खाली बाकावर बसवा.

तिसरा दिवस चायनाटाऊन आणि सोन्याचा बुद्ध (त्याचं पुढं येतंयच), चौथा आयुत्थाया या जुन्या राजधानीला, पाचवा पोरांना आणि खरेदीला. बास. डिसेंबर महिना अगदी बरोबर निवडलाय.

प्रश्न : बँकॉकला चाललोय म्हणलं की मित्र डोळे मिचकावतात. आईला सांगायची पण चोरी झालीय. खरंच फॅमिलीनं जाण्यासारखं आहे का? — एक वाचक, इस्लामपूर

उत्तर : डोळे मिचकावणाऱ्यातल्या किती जणांनी जाऊन आलोय म्हणून सांगितलं ते आधी विचारा.

तसलं सगळं तिथं आहे, नाही कशाला म्हणू, पण ते दोन-चार गल्ल्यांत आहे आणि तुम्ही त्या गल्लीत गेला नाहीत तर ते तुमच्याकडं येत नाही. सव्वा-दीड कोटी माणसं राहतात त्या शहराच्या पसाऱ्यात, पोरं शाळेत जातात, सकाळी भिक्खू अनवाणी भिक्षेला निघतात आणि बायका दारात भात वाढायला थांबतात. सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाला स्टेशनवर, बागेत राष्ट्रगीत लागतं आणि आख्खी गर्दी जागच्या जागी उभी राहते, तुम्ही पण थांबा. आईला घेऊनच जा तुम्ही. बाईमाणसानं भिक्खूला हात लावायचा नाही, शेजारी बसायचं नाही, एवढं फक्त आईला सांगून ठेवा. आणि तिथल्या राजघराण्याबद्दल चेष्टेनं सुद्धा वाकडं बोलू नका, कायदा फार कडक आहे.

प्रश्न : आम्ही विट्याकडचे, गलाईचा धंदा, सध्या दुकान केरळात. बँकॉकमध्ये साडेपाच टनांची सोन्याची मूर्ती आहे असं ऐकलं. आमच्यात पैज लागलीय, मुलामा असणार असं माझं म्हणणं. खरं काय?

उत्तर : पैज हरलात दादा.

वाट त्रायमितमधला बुद्ध मुलाम्याचा नाही, ओतीव सोन्याचा आहे, तीन मीटर उंच आणि वजन साडेपाच टन. पण याची गोष्ट तुमच्यासारख्या सोनं वितळवणाऱ्यांनी बसून ऐकायसारखी आहे. ही मूर्ती कित्येक वर्षं चुन्याच्या जाड थरात होती, वरनं रंग आणि काचेचे तुकडे. कुणाला पत्ताच नाही. असं मानतात की बर्मी फौजा आयुत्थायावर चालून आल्या, १७६७ मध्ये शहर बेचिराख झालं, त्याच्या आधी कुणीतरी ती लिंपून टाकली आणि ज्यांना माहिती होतं ते बहुतेक त्यात मेले. मग मूर्ती बँकॉकला आली, इकडनं तिकडं फिरली, आणि शेवटी वाट त्रायमितमध्ये वीसेक वर्षं नुसत्या पत्र्याच्या शेडखाली बसून होती, साडेपाच टन सोनं, पत्र्याखाली! १९५५ मध्ये नवीन इमारतीत हलवताना दोर तुटले, मूर्ती आदळली, चुन्याचा टवका उडाला, आणि आत पिवळं.

सगळा चुना काढल्यावर कळलं की ती नऊ भागांत सुटी होते आणि ते भाग सोडवायची किल्ली पण मूर्तीच्या बुडाशी चुन्यातच पुरलेली होती. कस विचाराल तर तिथं असं सांगतात, अंगाचं सोनं ४० टक्के, हनुवटीपासून कपाळापर्यंत ८० टक्के, आणि केस आणि डोक्यावरचा अंबाडा ९९ टक्के. भाव तुम्हीच काढा, माझ्या कॅल्क्युलेटरवर मावला नाही. समोर उभं राहिल्यावर मात्र तुमचा तो कसोटीचा डोळा जरा मिटून ठेवा, चेहरा फार शांत आहे. देवळातनं बाहेर पडलं की यावराटची गल्ली, चायनाटाऊन, तिथं लाल पाट्यांची सोन्याची दुकानं ओळीनं, विट्याच्या माणसाचा तिथं अर्धा दिवस जाणार हे मी लिहून देते. तिथलं सोनं साधारण तेवीस कॅरेटचं असतं आणि ते तोळ्यात नाही, "बाट"मध्येच मोजतात, एक बाट दागिना म्हणजे १५ ग्रॅमपेक्षा थोडं जास्त. घेऊन यायचा विचार असेल तर आपल्या कस्टमचे नियम आधी बघा, मग मला शिव्या नकोत.

प्रश्न : आई-बाबा माळकरी, कांदा-लसूण सुद्धा एकादशीला नाही. तिथं खायचं काय? — पलूस

उत्तर : हा प्रश्न सात जणांनी विचारलाय.

पहिली अडचण मासे नाही, माशाचं पाणी. तिथं आपण मीठ घालतो तसं "नाम प्ला" घालतात, माशाचा रस, भाजीत, भातात, कोशिंबिरीत सगळीकडं. तुम्ही "नो चिकन, नो फिश" म्हणलं तर ते मान हलवतात आणि तेच घालतात, त्यांच्या लेखी तो मासा नाहीच. मग उपाय काय, तर दोन शब्द. एक "मांगसविरात". हा आपलाच, मांस-विरती. दुसरा "जे". पिवळ्या झेंड्यावर किंवा पाटीवर लाल अक्षरात इंग्रजी सतरा आकड्यासारखं काहीतरी लिहिलेलं दिसेल, ते "जे". तिथं मांस-मासे-अंडी-दूध काही नाही, आणि गंमत म्हणजे कांदा-लसूण पण नाही, चिनी बौद्धांचा नेम आहे तो. म्हणजे तुमच्या आई-बाबांची एकादशी नसताना पण सोय झाली.

शिवाय पाहुरात म्हणून भाग आहे, चायनाटाऊनला लागूनच, तिथं शिखांचा मोठा गुरुद्वारा आणि आजूबाजूला कापडाची आणि आपल्याकडची जेवणाची दुकानं, रोटी-डाळ मिळते. फळं खा, मँगोस्टीन खा, नारळाच्या दुधातल्या भातावर पिकलेला आंबा ठेवून देतात तो खा, मी सांगते बाबांना आवडणार, नुसता आंबेभातच तो. दुरियन नावाचं फळ मात्र हॉटेलच्या खोलीत नेऊ नका, दंड होतो, वास असा की शेजारच्या मजल्यावरनं तक्रार येते. आणि बॅगेत भडंग, मेतकूट आणि चटणी टाकाच. सांगलीचा माणूस भडंगाशिवाय घराबाहेर पडतो का?

प्रश्न : मी सातवीत आहे. आमच्या सरांनी सांगितलं की थायलंडच्या राजाला राम म्हणतात. राम तर अयोध्येचा, मग तिथला कसा? — सांगली

उत्तर : शाब्बास, सगळ्यात चांगला प्रश्न तुझा, म्हणून सगळ्यात जास्त जागा तुलाच द्यायची होती पण वरच्या मिरजेच्या काकूंनी आधीच खाल्ली.

तिथल्या राजांच्या घराण्याचं नाव चक्री, त्यांच्या चिन्हात चक्र आणि त्रिशूळ, आणि सध्याचा राजा दहावा राम. सरकारी इमारतींवर गरुड असतो, ते त्यांचं राजचिन्ह. आणि त्यांचं स्वतःचं रामायण आहे, रामाकियेन. पहिल्या रामराजानं १७९७ च्या सुमारास ते लिहून घ्यायला सुरुवात केली. राम म्हणजे फ्रा राम, लक्ष्मण फ्रा लक, सीता नांग सीदा, आणि रावण "थोत्सकान", म्हणजे दशकंठ, नीट कान देऊन म्हणून बघ. राजवाड्याच्या देवळाभोवती लांब ओवरी आहे, तिच्या भिंतींवर ही गोष्ट १७८ चित्रांत काढलीय, उत्तरेच्या दारापासून सुरू करून प्रदक्षिणेसारखं फिरत यायचं. दारांवर जे राक्षस पहारेकरी उभे आहेत त्यातला हिरवा, दहा तोंडांचा, तो थोत्सकान. म्हणजे रावण देवळाची राखण करतो तिथं! आणि हनुमान पांढरा शुभ्र.

पण एक गोष्ट आजीला सांगू नकोस. तिथला हनुमान ब्रह्मचारी नाही. सेतू बांधताना समुद्रातली एक जलपरी रोज दगड चोरून न्यायची, रावणाचीच मुलगी ती, सुवर्णमत्स्या, तिथं तिला सुवन्नमच्छा म्हणतात. हनुमान तिला पकडायला खाली गेला आणि दोघांचं जमलं, त्यांना मुलगा पण झाला, अर्धा वानर अर्धा मासा. मी हे चित्रासमोर उभी राहून सासूबाईंना सांगितलं तर त्या पुढचं चित्र बघायलाच तयार नव्हत्या.

ही गोष्ट नाचून पण करतात, मुखवटे घालून, त्याला "खोन" म्हणतात. राजवाड्याच्या तिकिटातच एका जुन्या थिएटरमधला छोटा प्रयोग धरलेला असतो, साला चालेर्मक्रुंग, शनिवार-रविवारी नसतो, पुष्कळ लोकांना माहितीच नसतं आणि तिकीट फेकून देतात. तू सांगलीचा, १८४३ मध्ये आपल्याच गावात विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर केलं, रामायणावरचंच, तर ते बघताना तुला परकं वाटायचं कारण नाही.

आता अयोध्या. बँकॉक हे नाव परदेशी लोक वापरतात, तिथले लोक क्रुंग थेप म्हणतात, थेप म्हणजे देव. ते पण नुसतं तोंड. पूर्ण नाव जगातलं सगळ्यात लांब गावाचं नाव आहे, त्यातला तुकडा असा, "क्रुंग थेप महानाखोन आमोन रत्तनाकोसिन महिंथारा आयुत्थाया... नोप्फारात रात्चथानी..." आता मराठीत ऐक. महानगर, अमर, रत्न, महेंद्र, अयोध्या, नवरत्न, राजधानी. शेवटी "साक्काथात्तिया वित्सनुकाम प्रासित", शक्रानं म्हणजे इंद्रानं दिलेलं आणि विश्वकर्म्यानं बांधलेलं. महिन्यांची नावं पण बघ, जानेवारी मकराखोम, फेब्रुवारी कुम्फाफान, मार्च मीनाखोम. मकर, कुंभ, मीन. फोनला "थोरासाप" म्हणतात, दूर-शब्द. नमस्काराचं सवात्दी हे स्वस्तीवरनं. विमानतळाचं नाव सुवर्णभूमी आणि आत समुद्रमंथनाचा भला मोठा देखावा, वासुकीला एका बाजूनं देव ओढतायत, एका बाजूनं दानव. तिथं आपल्या लोकांची सेल्फीची रांग असते.

आणि हो, बिस्किटाच्या पुड्यावर २५७० असली एक्स्पायरी बघून घाबरू नकोस. त्यांचं बुद्ध संवत आपल्या इसवी सनाच्या ५४३ वर्षं पुढं आहे, तेवढे वजा कर.

प्रश्न : फसवणूक फार होते म्हणतात, रिक्षावाले वगैरे. तुम्हाला अनुभव? — तासगाव

उत्तर : आहे की, कपाटात लटकतोय अजून.

दुसऱ्या खेपेला राजवाड्याच्या भिंतीजवळ एक गृहस्थ भेटले, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कार्ड, चेहरा हसरा. म्हणाले आज बुद्धांचा सण, राजवाडा एक वाजेपर्यंत बंद, तोपर्यंत ही टुकटुक, म्हणजे तिथली रिक्षा, तुम्हाला २० बाटात चार देवळं दाखवेल. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं, २० बाटात तिथं पाण्याची बाटली येत नाही धड. एक छोटं देऊळ दाखवलं, मग "फक्त पाच मिनिटं" म्हणून खड्यांच्या दुकानात, मग शिंप्याच्या दुकानात. गिऱ्हाईक आणलं की दुकानातनं पेट्रोलची कुपन मिळतात त्या टुकटुकवाल्यांना. खडे मी घेऊ दिले नाहीत, पण मिस्टर कोटात अडकले, माप झालं, पैसे झाले, दोन दिवसांनी हॉटेलवर कोट आला तर एक बाही दुसरीपेक्षा बोटभर लांब. परत आल्यावर कळलं की राजवाडा त्या दिवशी सकाळपासून उघडाच होता.

तर रस्त्यावर कुणी "बंद आहे" म्हणलं की हसायचं आणि दारापर्यंत चालत जायचं. टुकटुकपेक्षा ॲपवरची गाडी बरी, टॅक्सी घेतली तर "मीटर" एवढा एक शब्द बसायच्या आधी. बाकी माणसं प्रामाणिक आहेत हो, माझी छत्री बोटीत राहिली होती ती पोरानं पळत येऊन दिली.

प्रश्न : पावसाळ्यात पॅकेज निम्म्यानं स्वस्त आहे. जावं का? व्हिसाचं काय?

उत्तर : सप्टेंबर-ऑक्टोबर नको, तेव्हा तिथं सगळ्यात जास्त पाऊस. २०११ ला त्या शहराच्या बऱ्याच भागात पाणी होतं. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी चाळीस फूट झाली का म्हणून रात्री मोबाईल बघत बसणाऱ्या आपल्यासारख्यांनी पैसे देऊन अजून पाणी बघायला कशाला जायचं? नोव्हेंबर ते फेब्रुवारी चांगलं. एप्रिल भाजून काढतो, पण १३ ते १५ एप्रिल सोंगक्रान असतो, म्हणजे संक्रांतच, मेषाची, आणि आख्खं शहर एकमेकांवर पाणी ओतत असतं. रंगपंचमी आवडत असेल तर जा.

व्हिसाचे नियम बदलत असतात, आजचं ऐकून उद्या तिकीट काढू नका, थाई एम्बसीच्या साइटवर बघा. एक मात्र नक्की, मे २०२५ पासून डिजिटल अरायव्हल कार्ड भरावं लागतं, पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत, आणि ते फुकट आहे. पैसे मागणारी साइट निघाली तर ती खोटी. ई-सिगारेट बॅगेत नको, तिथं बंदी आहे. बुद्धाची मूर्ती आणायची तर परवानगी लागते, फ्रीजवरचा चुंबकी हत्ती आणा.

प्रश्न : पटाया, फ्लोटिंग मार्केट की आयुत्थाया? एकच दिवस आहे. — कवठेमहांकाळ

उत्तर : आयुत्थाया. पटाया मला आवडलं नाही, बस. दाम्नोएन सादुआकचा तरंगता बाजार शंभरेक किलोमीटर लांब, आता होड्या टुरिस्टांच्याच जास्त.

आयुत्थाया ८० किलोमीटर, हुआ लाम्पोंगच्या जुन्या स्टेशनावरनं साधी रेल्वे जाते, तिसऱ्या वर्गाचं तिकीट वडापावच्या दोन प्लेटीच्या आतबाहेर, खिडक्या उघड्या, वारा, भाताची शेतं, डब्यात टोपलीवाल्या येतात. १३५० मध्ये वसवलेली जुनी राजधानी, चारशे वर्षं नांदली आणि मग ती १७६७ वाली जळिताची गोष्ट. विटांचे मनोरे उभे आहेत, ओळीनं बसलेल्या मूर्तींना डोकी नाहीत. वाट महाथातमध्ये एका झाडाच्या मुळांनी बुद्धाचं एक डोकं अलगद धरून ठेवलंय, नुसता चेहरा बाहेर. तिथं फोटो काढायचा तर खाली बसून, आपलं डोकं बुद्धाच्या वर जाता कामा नये, पहारेकरी लगेच सांगतो. सायकल भाड्यानं मिळते. टोपी न्या.

प्रश्न : आमचा नातू आठ वर्षांचा. देवळं बघून बोंबलणार. त्याला काय दाखवू? — विश्रामबाग

उत्तर : बोंबलणारच, त्याचं चुकत नाही. त्याला सकाळी सातला लुम्फिनी बागेत न्या, फुकट आहे, स्कायट्रेनचं साला दाएंग स्टेशन किंवा मेट्रोचं लुम्फिनी, जवळच. नाव लुंबिनीवरनं. आपल्या आमराईला जसे सकाळचे फिरणारे आजोबा असतात तसेच तिथं, व्यायाम, गाणी, गप्पा. आणि तळ्याच्या काठानं घोरपडी. लहान नाही, माणसाएवढ्या लांब, जीभ बाहेर काढत रस्ता ओलांडून जातात आणि जॉगिंगवाले नुसते बाजूला होतात. माझ्या नातवानं तानाजीच्या घोरपडीची गोष्ट ऐकलेली, तर तो अर्धा तास एकीच्या मागं दोर लावायला जागा कुठं ते बघत फिरत होता. लांबनं बघा, हात लावू देऊ नका, आणि बिस्किटं टाकू नका, त्या मासे खातात, पार्ले-जी घेत नाहीत, आम्ही विचारून बघितलंय.